शेवटच्या घराची हजेरी

त्या वस्तीत लोखंड वाजलं की पळायचं. नियम म्हणावा असा हा एकच, आणि तो दुधाचे दात पडायच्या आत शिकवला जायचा. लोखंड म्हणजे रुळाचा हातभर तुकडा. खाणीच्या तोंडाशी दोन खांबांमध्ये साखळीने टांगलेला. सुरुंगाची वात पेटवायच्या आधी तो बडवला जाई. मग खाणीतली माणसं हातोड्या टाकून आणि वस्तीतली माणसं चुली टाकून टेकाडामागे धावत. कशाला वाजलं, असं कुणी विचारत नसे. विचारत बसणाऱ्यांची वंशावळ तिथे फार वाढली नव्हती.

सेमिनरीतून, म्हणजे ख्रिस्ती पाळक घडवणाऱ्या शाळेतून, आलेल्या बाईला हे कुणी सांगितलं नाही. सांगायचं कुणाला सुचणार? विस्तव भाजतो, हे पाहुण्याला कुणी बजावून ठेवतं का?

बाई आली शनिवारी संध्याकाळी, जीपमधून, एक पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन. सेमिनरीतलं तिचं शेवटचं वर्ष. तिथे एक वेगळा अभ्यासक्रम नव्याने निघाला होता: जिथे दहा ठिकाणची, दहा देवांची आणि एकाही देवाची नसलेली माणसं एकत्र राबतात, तिथे पाळक म्हणून कसं राहायचं. परक्या घरात बसायचं कसं, काय विचारायचं नाही, दुखवट्यात गप्प कसं राहायचं, हे सगळं वर्गात शिकवून झाल्यावर एका मोसमासाठी अशा वस्तीत पाठवत. मोसमाच्या शेवटी सेमिनरीचे सर येणार. त्यांच्यासमोर एक उपासना घ्यायची, आणि त्या उपासनेला वस्तीतली माणसं आपणहून बसलेली दिसली पाहिजेत. दिसली तर पाळक. नाही तर घरी. या अभ्यासक्रमात घेतलेली ती पहिलीच बाई, आणि सेमिनरीच्या मंडळाने तिला घेतलं होतं ते "बघू या" म्हणून. तिचा बाप शिंपी. त्याने पाळकाचा पांढरा झगा आधीच शिवून खुंटीला लावून ठेवला होता. बापाचा जीव उतावळा.

तिची सोय शेवटच्या घरात झाली, कारण त्या घराची पडवी मोकळी होती. घरात चार माणसं. थोरली म्हणजे घरातली म्हातारी, खडी फोडण्यात तिचा हात धरणारं वस्तीत कुणी नव्हतं. तिचा दीर, ज्याला सगळे बहिरा काका म्हणत. सुरुंगांनी त्याचे दोन्ही कान नेले होते. तिचा लेक, सुरुंग भरून वात लावणारा. आणि सून, जी बोलायची कमी आणि बघायची जास्त.

रविवारी सकाळी बाई न्हाऊन पांढरे कपडे घालून बाहेर पडली. खाणीला सुट्टी. तिने मोकळ्या जागेत सतरंजी अंथरली. बहिरा काका सतरंजी दिसली म्हणून येऊन बसला. बाकीची माणसं दारात उभी राहून बघत होती. आता बोलवायचं कसं? वर्गात सरांनी दहादा सांगितलं होतं, बाहेरून काही नेऊ नका, लोकांकडे जे असेल तेच वापरा. आणि समोर रुळाचा तुकडा लटकत होता. सेमिनरीतही झाडाखाली असाच रूळ होता. वर्ग, जेवण, प्रार्थना, सगळं त्याच्यावर. तो पाहून तिला भरून आलं. आपल्या आधी देवच इथे येऊन तयारी करून गेला, असं तिला वाटलं.

तिने हातात दगड घेतला आणि मनापासून लोखंड बडवलं.

पुढे जे झालं ते वस्तीत अजून सांगतात, आणि सांगताना अर्धे हसतात. बायका पोरांना काखोटीला मारून धावल्या. कुणी कणकेच्या हाताने, कुणी अर्धी वेणी घालून. लेक दाढी करत होता. वात लावणारा तोच, आणि आज आपण लावलेली नाही हे त्याला पक्कं ठाऊक. पण पाय डोक्याला विचारत नाहीत. गालाला फेस तसाच ठेवून तोही धावला. बाईने मनाची तयारी केली होती ती थोडे लोक येतील म्हणून. सगळीच्या सगळी वस्ती उलट्या दिशेला पळेल, हे कुठल्याच व्याख्यानात नव्हतं. सतरंजीवर एकटा बहिरा काका. तो तिच्याकडे बघून मान डोलवत होता, की आता करा सुरू.

मग टेकाडामागून लेकाची हाक ऐकू आली. ही तिथली रीत. बार उडाला, धूर बसला, की लेकाने एकेक घर पुकारायचं आणि त्या घरातल्या मोठ्या माणसाने उत्तर द्यायचं. सगळ्या घरांनी ओ दिल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही. आज बार नव्हता, तरी सवयीने हजेरी सुरू झाली.

"टाकीजवळचं घर?"

"सगळे!"

"कोपऱ्यातलं?"

"सगळे आहोत!"

"शेवटचं घर?"

उत्तर नाही. लेकाने पुन्हा हाक मारली. स्वतःच्याच घराला. मग हाक न मारता तो आलेल्या वाटेने उलटा धावत सुटला.

थोरली गटाराच्या कडेला पडली होती. उजवी मांडी मोडली होती. ती ओरडत नव्हती. दात आवळून ती फक्त विचारत होती, "दीर कुठाय? त्याला ऐकू येत नाही. दीर कुठाय?"

*

मोठ्या दवाखान्यातून थोरलीला आणलं ते कंबरेपासून पावलापर्यंत प्लास्टरमध्ये. मोसम संपेपर्यंत पाय टेकायचा नाही. तिची खाट पडवीत टाकली. म्हणजे बाईच्या वळकटीशेजारी, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. देवाला विनोद कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी ती पडवी बघायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी मुकादम आला. दारातच उभा राहिला.

"वाईट झालं," तो म्हणाला. "पण नियम नियम आहे. चार हातोड्या असतील त्या घराला दरड. आता तुमच्या तीन."

दरड म्हणजे एकेका घराला फोडायला नेमून दिलेला खाणीचा तुकडा. या घराची दरड सगळ्या खाणीत चांगली. दगड सरळ चिरणारा. दरड गेली की घरही जाणार होतं, आणि माणसं गाडी भरणाऱ्यांच्या लांब पत्र्याच्या शेडमध्ये जाणार होती, जिथे पडद्याला भिंत म्हणतात. लेकाने मान खाली घातली. सुनेने बाईकडे पाहिलं. ती नजर थापडेपेक्षा वाईट होती.

"चौथी हातोडी मी," बाई म्हणाली.

मुकादमाने तिच्या कपड्यांकडे पाहिलं, मग हातांकडे. "बाई, ती खडी आहे, खडू नाही."

"तुमच्या नियमात हातोडी मोजतात, का माणूस कुठलं ते बघतात?"

"हातोडी मोजतात."

"मग मोजा."

"एक दिवस जरी हातोडी पडून राहिली ना, तर मी दरड दुसऱ्याला देईन. मग देवाची सबब सांगायची नाही." तो जाता जाता हसला. "घंटेवाली खडी फोडणार! बघायला तिकीट लावायला पाहिजे."

संध्याकाळपर्यंत ते नाव सगळ्या वस्तीला पाठ झालं. घंटेवाली. त्यानंतर तिला दुसऱ्या कुठल्या नावाने कुणी हाक मारली नाही.

तिने मुकादमाच्या खोलीतून सेमिनरीत फोन लावला. सरांना विद्यार्थी लांबसर म्हणत. अंगाने लांब म्हणून की बोलण्याने लांब म्हणून, यावर दोन पक्ष होते. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"परत ये," ते म्हणाले. "दुसरी वस्ती देतो. इथे आता तुझं कोण ऐकणार?"

"मी इथेच राहते, सर."

"तुला अपराधी वाटतंय म्हणून राबायला निघालीस. सेवा म्हणजे शिक्षा भोगणं नव्हे. हे मी वर्गात सांगितलं होतं."

"शिक्षा असती तर पळाले असते, सर. त्यांची दरड जाईल."

"बरं. पण उपासना व्हायला हवी. मंडळाची बैठक शेवटच्या रविवारनंतर लगेच आहे. खडीचा ढीग दाखवून पाळक होता येत नाही. आणि तू पहिली आहेस, हे विसरू नकोस. तू पडलीस तर तुझ्या मागून येणाऱ्यांचं दारही लागेल."

फोनवरून बोलणाऱ्याला उंटावरून शेळ्या हाकतो म्हणून हसणं सोपं आहे. पण सर खोटं बोलत नव्हते, आणि तेच तिला जड गेलं.

*

खडी फोडायला बसतात ते जमिनीवर, एक पाय लांब करून. जुन्या टायरची कडी दगडाभोवती धरायची, म्हणजे कपच्या उडत नाहीत, आणि वरून हातोडी. पहिल्या दिवशी तिने दगडापेक्षा कडी जास्त फोडली. दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड आले, तिसऱ्या दिवशी ते फुटले, आणि मग हातोडीचा दांडा हाताला चिकटून बसू लागला. उन्हाने दगड असा तापे, की बसायला गोणपाट दुमडून घ्यावं लागे. धूळ घामात कालवून मानेवर थर बसे. पाण्याचा टँकर कधी दुपारी येई, कधी येतच नसे. शेजारच्या दरडीवरच्या बायका तिला बघायला मुद्दाम वळसा घालून जात.

"घंटेवाली, दगडाला विनवू नको. मार!"

"अगं, ती आधी त्याला बाप्तिस्मा देतेय."

ती हसे. हसताना कोरडे ओठ तडकत. बहिरा काका तिच्या बाजूला बसून घणाने मोठे दगड उलगडत असे आणि फुटायला सोपे तुकडे गुपचूप तिच्याकडे लोटत असे. पहिल्या रविवारी उपासनेला बसलेला एकमेव माणूस, त्याने आपला पाळक सोडला नव्हता.

घरात मात्र कठीण होतं. सून तिचं ताट पडवीत आणून ठेवायची, हातात द्यायची नाही. ताट जमिनीला लागून वाजायचं. थोरलीला पुसून घ्यायचं, कूस बदलायची, भांडं द्यायचं, हे सगळं सून खाणीतून दमून आल्यावर करायची. बाई पुढे झाली की थोरली म्हणे, "हात लावू नकोस. पाडलंस तेवढं पुरे." हात पुढे करून बसलेली बाई, आणि तिच्यापासून दोन वितींवर पडलेली थोरली. मध्ये जाऊन सून पाणी पाजायची.

आणि बार तर आठवड्यातून तीन-चारदा उडायचाच. लोखंड वाजलं की सून खाटेचं डोक्याकडचं टोक धरी, बाई पायाकडचं, आणि दोघी टेकाडामागे पळत. खाट हेलकावे खाई, थोरली दोघींना शिव्या घाली. तिथे खाट टेकवून सगळ्यांनी बसायचं. कान दाबायचे. जमीन खालून एकदा उचलल्यासारखी होई, मग आवाज, मग पत्र्यांवर बारीक खडे. धूर बसला की लेक हाका मारे. बाकीची घरं "सगळे" म्हणून मोकळी होत. थोरली तसं कधीच म्हणत नसे. ती एकेकावर बोट ठेवून मोजायची.

"मी. दीर. सून. आणि लेक, हाका मारतोय तो."

या शेवटच्या वाक्याला सगळे दर वेळी हसत. खाटेच्या पायाशी बाई धापा टाकत उभी असे. थोरलीचं बोट तिच्यावरून पुढे जाई. ती कुठल्याच घरात मोजली जात नव्हती. दगडाखाली राहिली असती तर तिच्या नावाने कुणाची हाक रिकामी गेली नसती. हे तिच्या लक्षात आलं त्या दिवशी तिला रडू फुटलं, आणि ते तिने धुळीवर ढकललं.

एकदा खाट परत आणताना सून आपणहून बोलली. पहिल्यांदाच.

"आई 'सगळे' का म्हणत नाहीत, माहीत आहे?"

"नाही."

"सासरे गेले त्या दिवशी आईंनी 'सगळे' म्हणून सांगितलं होतं. सवयीनं. सासरे पहार राहिली म्हणून परत खाली उतरले होते. दुसरा बार मागून उडाला." सुनेने खाट खाली ठेवली आणि कंबर सरळ केली. "आईंनी 'सगळे' म्हटलं म्हणून कुणी शोधायला गेलं नाही."

खाटेवर थोरली डोळे मिटून पडली होती. झोपली नव्हती हे दोघींना कळत होतं.

ते ऐकल्यापासून बाई हातोडी चालवता चालवता विचारू लागली. उपदेश नाही, प्रार्थना नाही. शेजारच्या दरडीवरच्या बाईला, पाणी भरताना टाकीजवळच्या म्हातारीला. तुमच्या घरातलं कोण? तिला कळलं, की वस्तीत असं एकही घर नाही ज्याची एक हाक रिकामी गेलेली नाही. कुणी क्रूस लावलेल्या दाराआडचं, कुणी दुसऱ्या देवाचं, कुणी कशाचंच नाही. दगडाने विचारलं नव्हतं. ती ऐकून घ्यायची आणि पुढचा दगड कडीत धरायची. ऐकणं हेच वर्गात सगळ्यांत जास्त शिकवलं होतं, आणि तिथे तोच विषय तिला सगळ्यांत कंटाळवाणा वाटला होता.

मग एका दुपारी कपची उडून तिच्या भुवईत घुसली. रक्त डोळ्यात उतरलं. काकाने तिला धरून पडवीत आणलं. सून खाणीत होती. थोरली कोपरावर उठली.

"इकडे ये. बस खाली. डोळा उघड." थोरलीने पदराने रक्त टिपलं आणि नखाने कपची काढली. "फुटला नाही. फुटला असता तर बरं होतं, निदान ते लोखंड तुला दिसलं नसतं."

बाई वेदनेतही हसली.

"हसू नको, हलतंय. कडी तिरकी धरतेस तू. तुझ्या पायावरच्या खुणा बघते मी रोज. दगडाच्या अंगावर धर, जमिनीवर नाही." तिने पदर घट्ट दाबून धरला. "पाळक होऊन काय करणारेस?"

"माणसांबरोबर राहणार."

"मग एवढं शिकायचं कशाला? राहतेसच की."

त्या संध्याकाळी सून पाणी तापवून घेऊन आली तेव्हा थोरली म्हणाली, "तू बस जरा. हिला करू दे." आणि बाईने पहिल्यांदा तिची पाठ पुसली. पाठ दगडासारखी टणक होती आणि मधोमध मणके एकेक मोजता येत होते.

*

शेवटचा रविवार जवळ आला. तिने उपासनेची तयारी केली होती. दोन गीतं, एक शास्त्रपाठ, आणि एक संदेश जो तिने पाठ म्हणून म्हणून गुळगुळीत केला होता. घरोघरी जाऊन सांगून आली होती, या. लोखंडाकडे तिने पाहिलंही नव्हतं. लोक "बघू" म्हणाले होते. टाकीजवळची म्हातारी म्हणाली होती, "येते. पळावं लागणार नसेल तर."

शुक्रवारी मुकादमाने सांगितलं, की रस्त्याचं काम घाईत आहे, पावसाच्या आत खडी पोचवायची, तेव्हा रविवारी सुट्टी नाही. मोठा बार उडणार. सगळ्या हातोड्या दरडीवर.

तिने सरांना फोन केला. रविवार पुढे ढकलता येईल का? येणार नव्हता. मंडळाची बैठक सोमवारी. "तू एका सकाळची रजा माग," सर म्हणाले. "एका सकाळीने काय होतं?"

"एका सकाळीने दरड जाते, सर."

"आणि न घेतलीस तर तुझं वर्ष जातं. नीट विचार कर."

तिने घरात काही सांगितलं नाही. पण पडवी ती किती मोठी? फोन करून आलेलं तोंड थोरलीने वाचलं असणारच. रविवारी पहाटे बाई उठली. पेटीतले पांढरे कपडे तिने वर काढले, हाताने सारखे केले, आणि परत ठेवले. मग धुळीने कडक झालेलं रोजचं लुगडं नेसून हातोडी आणि कडी उचलली.

"तुझे साहेब येणार ना आज?" थोरलीने विचारलं.

"येतील."

"मग?"

"चौथी हातोडी पडून राहिली तर घर जाईल, मावशी. उपासना मी केव्हाही घेईन. पाळक म्हणून नाही तर बाई म्हणून."

थोरलीने तोंड भिंतीकडे केलं.

सरांची जीप आली तेव्हा उन्हं चढली होती. सतरंजी नव्हती, माणसं नव्हती. सर खाणीच्या कडेला येऊन उभे राहिले. खाली त्यांना ती ओळखू आली नाही. सगळ्याच बायका एका रंगाच्या होत्या. मग एकीने मान वर करून हात जोडले आणि पुन्हा हातोडी मारली. सरांनी घड्याळात पाहिलं.

तेवढ्यात लोखंड वाजलं.

सर वर्गात फार सावकाश चालत. त्या दिवशी शेजारच्या दरडीवरच्या दोन बायकांनी त्यांच्या दंडांना धरून त्यांना असं पळवलं, की त्यांचा चष्मा एका कानावर लटकला. बाई वस्तीकडे धावली, सुनेबरोबर खाट उचलली. टेकाडामागे सगळे येऊन दाटीने बसले. मुकादम तेवढा उभाच राहिला. बार उडाला. मोठा होता, पोटात धक्का बसला. धूर टेकाडावरून वर गेला आणि उन्हात पिवळा होऊन लोंबकळत राहिला. आता तो बसेपर्यंत कुणालाच काही काम नव्हतं.

"ए घंटेवाली," थोरली खाटेवरून म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा. "धूर बसेस्तोवर काय म्हणायचं ते म्हण. माणसं आयती बसलीत."

कुणीतरी हसलं. बाई उभी राहिली. पाठ केलेला संदेश तिला एका ओळीनेही आठवेना. हाताला हातोडीची सवय झाली होती आणि हात रिकामे होते.

"इथे रोज हजेरी होते," ती म्हणाली. "ज्यांनी हाकेला ओ दिली नाही, त्यांची हजेरी देवाकडे होते असं मी मानते. तुम्ही मानावंच असं नाही. मी फक्त हाक मारते. ओ द्यावीशी वाटली तर द्या." तिने पदराने तोंडावरची धूळ पुसली. "टाकीजवळच्या घरातला थोरला मुलगा."

टाकीजवळची म्हातारी गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. तिने वर पाहिलं.

"ओ," ती म्हणाली.

"कोपऱ्यातल्या घरातली जाऊ, आणि तिच्या पोटातलं बाळ."

"ओ." हा पुरुषाचा आवाज होता, आणि तो मध्येच तुटला.

ती घरामागून घर घेत गेली. कुठेही अडखळली नाही. खडी फोडता फोडता ऐकलेलं सगळं तिला पाठ होतं. "मुकादमांचा धाकटा भाऊ," ती म्हणाली, तेव्हा घड्याळ बघत उभा असलेला मुकादम एकदम खाली बसला आणि पागोट्याच्या शेवात तोंड घालून म्हणाला, "ओ." बहिऱ्या काकाला काही ऐकू येत नव्हतं. पण माणसांची तोंडं बघून त्याला काय ते कळलं होतं, आणि त्याने डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं होतं.

"शेवटच्या घरातले सासरे."

थोरली खाटेवर आढ्याला बघावं तशी आभाळाकडे बघत होती. सुनेने तिचा हात धरला. सगळी वस्ती वाट बघत राहिली.

"ओ," थोरली म्हणाली. "ओ रे. ओ."

"देवा, हे तुझ्याकडे मोजलेले आहेत," बाई म्हणाली. "एकही राहू देऊ नकोस. आमेन."

काहींनी आमेन म्हटलं. काहींनी नुसते डोळे पुसले. कुणी उठलं नाही. टेकाडाच्या माथ्यावर लेक उभा होता. तो वर कधी आला ते कुणाला कळलं नव्हतं, आणि त्याच्यामागचं आभाळ स्वच्छ होतं. त्या खाणीत हजेरीला उशीर कधी होत नसे.

लांबसर बाईजवळ आले. चष्मा पुसत होते, पण चष्म्यावर काही नव्हतं.

"यांना बोलावलं कोणी?" त्यांनी हळूच विचारलं.

"लोखंडानं, सर." ती खोटं बोलू शकत नव्हती.

"धूर मघाशीच गेला. मग बसवून कोणी ठेवलं?"

ती बसलेल्या माणसांकडे बघू लागली. सरांनी पुन्हा विचारलं नाही. पहिल्यांदाच ते थोडक्यात बोलले. "वडिलांना सांग, झगा खुंटीवरून काढा म्हणून."

वरून लेकाने हाका सुरू केल्या. एकेक घर "सगळे" म्हणत गेलं, आज जरा हळू, आजूबाजूला नीट बघून. "हा पाहुणा कुणात?" मध्येच कुणी विचारलं. मुकादम नाक ओढून म्हणाला, "माझ्यात धरा." आणि मग शेवटची हाक आली.

"शेवटचं घर?"

थोरली कोपरावर उठली आणि तिने बोट पुढे केलं.

"मी. दीर. सून. लेक, हाका मारतोय तो."

सगळे हसले, नेहमीसारखे. बोट मात्र खाली गेलं नाही. ते खाटेच्या पायाशी उभ्या असलेल्या धुळीने माखलेल्या बाईकडे वळलं आणि तिथेच थांबलं.

"आणि घंटेवाली," थोरली म्हणाली. "पाच."

"पाच," लेकाने वरून म्हटलं.

बाईला पुढचं दिसेना. सुनेने वाकून खाटेचं डोक्याकडचं टोक धरलं आणि तिच्याकडे पाहिलं.

"रडायचं ते चालता चालता रड," सून म्हणाली. "धर. दरडीवर पोचायचंय."

बाईने पायाकडचं टोक धरलं आणि दोघींनी खाट उचलली.